औषधाचे पैसे दोनदा का मोजावे?
(पालक सभेतील भाषण)



दुखणे आले की माणूस हिशेब विसरतो. चिठ्ठी हाती पडते, आपण दुकानात धावतो. प्रसंगी घरातले सोने गहाण पडते. आणि पुष्कळदा ते औषध आपणांस फुकट मिळावयाचे असते!

राज्याची योजना 2012 साली 8 जिल्ह्यांत सुरू झाली व 2013 साली आपल्या रत्नागिरीसह राज्यभर आली. आज ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान भारत योजना 2018 ची. 2020 पासून दोन्ही एकत्र राबविल्या जातात.

योजना दोन असल्या तरी एका उपचाराचे पैसे एकदाच मिळतात. मंजूर उपचाराच्या ठरीव रकमेतच खाट, तपासण्या, शस्त्रक्रिया आणि औषधे धरलेली असतात. तेच औषध रुग्णाच्या बिलात लावणे म्हणजे एका मालाचे दोनदा पैसे घेणे होय. मात्र दाखल न होता घेतलेली रोजची औषधे सामान्यतः यात येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

तेव्हा योजनेतील रुग्णालयात जाताना शिधापत्रिका व ओळखपत्र सोबत न्या आणि प्रथम आरोग्यमित्राला भेटा. औषध बाहेरून आणावयास सांगितले, तर “हे योजनेत धरलेले नाही का?” असे नम्रपणे विचारा. आणावेच लागले, तर पक्की पावती जपून ठेवा.

हे काम घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी अंगावर घ्यावे. शिक्षणाचा याहून रोकडा उपयोग तो कोणता?