हप्त्याची तारीख आणि उडालेली झोप

उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांतून आलेल्या लेखापाल, कामगार कल्याण अधिकारी व डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

आपल्यापैकी काहींची घराणी नागपूरकर भोसल्यांच्या कारभाराबरोबर छत्तीसगडात आली, काही जण पोटापाण्यासाठी गोंदिया-भंडाऱ्याकडून आले. आज बोलायचे आहे ते मात्र रोलिंग मिलमधल्या, ठेकेदाराकडच्या कामगाराबद्दल, मग त्याची भाषा कोणतीही असो.

हा माणूस कर्जात अडकला की आपण चटकन म्हणतो, याला हिशेब कळत नाही. हा आरोप मला मान्य नाही. 2013 साली ‘सायन्स’ नियतकालिकात तमिळनाडूच्या 464 ऊस उत्पादकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उसाचे पैसे हातात येण्याआधी घरात चणचण असते, दागिने गहाण पडलेले असतात. त्या दिवसांत हे शेतकरी तर्कबुद्धीच्या चाचणीत मागे पडले. पैसे मिळाल्यावर त्याच शेतकऱ्यांना ती चाचणी बरीच चांगली जमली. माणूस तोच होता. त्याचे अर्धे डोके आधी देणेकऱ्यांनी अडवून ठेवले होते.

आता तो माणूस उरल्यात उभा करा. तापलेली लाल सळई रोलमधून बाहेर येते तेव्हा चिमटा धरणाऱ्याला क्षणभरही भान हरपून चालत नाही. रात्रभर हप्त्याच्या चिंतेत जागलेला कामगार सकाळच्या पाळीला तिथेच उभा असतो. आपण त्याला हेल्मेट देतो, हातमोजे देतो. त्याची उचल किती झाली आहे, हे सुरक्षेच्या बैठकीत कुणी विचारत नाही. मला वाटते, ते तिथेच विचारायला हवे.

डॉक्टर मित्रांनाही एक सांगणे आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली गोव्यातल्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांचा अभ्यास मांडला. मनाचे आजार आणि कर्ज, मनाचे आजार आणि अन्नासाठी पैसे नसणे, यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसला. असा रुग्ण ‘मी खचलोय’ म्हणत नाही. अंग दुखते, थकवा येतो, झोप लागत नाही, असे म्हणतो आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन परततो. देणे किती आहे, एवढा प्रश्न आपल्या तपासणीत असला तर बरेच उलगडेल.

विचारणारे माणूस दारापर्यंत गेले तर फरक पडतो, हे विदर्भाने दाखवले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाचे कार्यकर्ते घरोघर गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, हे खरेच. पण कोंडलेला माणूस बोलू लागतो, आणि बोलू लागल्यावरच वाट काढता येते.

त्याला कोंडते ती मुख्यतः लाज. वसुलीवाले नातेवाइकांना फोन करतात ते याच लाजेवर बोट ठेवून. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करू नये, कर्जदाराच्या नातलगांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 सालीच बजावले आहे. किती कामगारांना हे ठाऊक आहे?

आपल्या हातातली गोष्ट पगाराची. हजाराहून कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत वेतन द्यावे, हे 1936 च्या कायद्यानेच सांगून ठेवले होते. पगार चार दिवस लांबला की तेवढ्यासाठी सावकार गाठावा लागतो, आणि तिथून पुढचे सारे सुरू होते. म्हणून ठेकेदाराच्या माणसांनाही पगार वेळेवर मिळावा, उचलीची बाकी दर महिन्याला वेतनचिठ्ठीवर लिहून मिळावी, आणि त्याच चिठ्ठीच्या मागे ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक छापावा, असा ठराव मी मांडतो. दुपारच्या सत्रात त्यावर मोकळेपणाने दुरुस्त्या सुचवाव्यात.