खासगी कोणाची?



'खासगी' हा शब्द आज मराठीत सर्रास वापरला जातो. खासगी शिकवणी, खासगी बस, खासगी बोलणे. एके काळी मात्र तो राज्यकर्त्यांचा शब्द होता. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन स्वतंत्र हिशेब चालत. दौलत म्हणजे राज्याचा महसूल आणि खासगी म्हणजे राजघराण्यातील स्त्रियांकडे असलेल्या जहागिरीचे उत्पन्न. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाटांचा आणि मंदिरांचा खर्च या खासगीतून झाला, हे इंदूरकडच्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पुण्यात पेशव्यांच्या घरचा कारभार पाहणारे ते खासगीवाले. राज्यकर्त्याला अशी खासगी होती. पण रयतेलाही खासगी असते आणि तिच्या उंबरठ्याशी सरकारने थांबावे, हा अर्थ त्या शब्दात नव्हता. भारतात सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्धपणे मान्य केला 24 ऑगस्ट 2017 रोजी.

त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. वर्तमानपत्रांनी त्यासाठी 'गोपनीयता' हा शब्द अधिक वापरला. तो थोडा दिशाभूल करणारा आहे. गोपनीय म्हणजे लपवायचे, आणि लपवायचे म्हणजे काही तरी काळेबेरे, असा अर्थ त्याला नकळत चिकटतो. घराचे दार रात्री लावून घेणारा माणूस आत काही लपवत असतो असे नाही.

हा हक्क राज्यघटनेत प्रारंभीच लिहिला जाण्याची संधी आली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात, नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे असे कलम होते. मूलभूत हक्कांच्या समितीत चर्चा होऊन ती कल्पना गळाली. डिसेंबर 1948 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तीच तरतूद दुरुस्तीच्या रूपाने सभागृहापुढे पुन्हा मांडली. आंबेडकरांनी तिला अनुकूलता दाखवली: फौजदारी प्रक्रिया संहितेत असे संरक्षण आहेच, परंतु ते विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे उपयुक्त ठरेल, असा त्यांचा अभिप्राय होता. तरीही दुरुस्ती फेटाळली गेली. वऱ्हाडातून आलेल्या या सभासदाचे नाव आज वऱ्हाडातही फारसे घेतले जात नाही. पुढे 1954 साली एका झडतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी हाच मुद्दा बोट ठेवून दाखवला: अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे तसे कलम आपल्या घटनाकारांनी घातलेले नाही.

यानंतरचे प्रकरण उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांचे. ते थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे, कारण पुढची सर्व चर्चा त्याच्याभोवती फिरली. 1941 मध्ये दरोड्याच्या संशयावरून त्यांना पकडण्यात आले आणि पुराव्याअभावी सोडूनही देण्यात आले. खटला उभा राहिला नाही, शिक्षेचा तर प्रश्नच नव्हता. परंतु पोलिसांनी त्यांच्या नावाने हिस्ट्रीशीट उघडली आणि ती उघडल्याबरोबर पोलीस नियमावलीतील 236 वा नियम लागू झाला. घरावर गुप्त पहारा, रात्रीच्या वेळी घरी जाऊन खात्री करणे, सवयींची व येण्याजाण्याची चौकशी, प्रत्येक हालचालीची नोंद. खरक सिंग यांनी आपल्या अर्जात म्हटले होते, की चौकीदार आणि शिपाई अपरात्री येतात, दार ठोठावतात, ओरडून झोपेतून उठवतात. परगावी जायचे तर कुठे जाणार आणि कधी परतणार हे चौकीदाराला कळवावे लागे. त्या गावचा चौकीदार मग तिथे पाळत ठेवी.

18 डिसेंबर 1962 रोजी सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरल्या. बहुमताचे म्हणणे मात्र असे पडले, की खासगीपणाची हमी घटनेत नसल्यामुळे बाकीची पाळत चालू राहण्यास हरकत नाही. दाराबाहेर उभे राहून पाहावे, आत शिरू नये! या तर्काला न्या. सुब्बा राव आणि न्या. शहा यांनी विरोध केला. सुब्बा राव यांचा युक्तिवाद साधा आणि आजही बिनतोड आहे. ज्याच्या प्रत्येक पावलावर सरकारी नजर आहे तो चालतो-फिरतो म्हणून त्याला मोकळा कसे म्हणायचे? त्याच्यापुरता सारा देशच तुरुंग होतो. ही अल्पमताची भूमिका 2017 मध्ये देशाचा कायदा झाली. (त्याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील 1976 च्या बंदीप्रत्यक्षीकरण प्रकरणातला बहुमताचा निकालही रद्दबातल ठरवला. त्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. न्यायालयीन इतिहासात अशी उदाहरणे थोडी.)

'ज्याने काही केले नाही त्याने कशाला भ्यावे?' हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही नेहमी विचारला जातो. खरक सिंग यांनी काही केल्याचे सिद्ध झाले नव्हते. तरी वीस वर्षांनंतरही त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. नोंदवही एकदा उघडली की ती मिटवण्याचा भार नोंद करणाऱ्यावर नसतो, नोंद झालेल्यावर पडतो.

दारावरची थाप तरी ऐकू येते. टेलिफोन कोणी ऐकत असेल तर त्याचा पत्ताच लागत नाही. 1885 च्या तार कायद्याच्या आधारे संभाषणे ऐकण्याची पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. 18 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला मर्यादा घातल्या: आदेश गृहसचिवांचा हवा, मुदत दोन महिन्यांची, एकूण सहा महिन्यांपलीकडे नाही, आणि आढावा घेण्यासाठी समिती. परंतु आदेश देणारे सरकारी अधिकारी आणि आढावा घेणारेही सरकारी अधिकारीच. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी तेव्हा आवश्यक ठरवली गेली नाही आणि हीच या व्यवस्थेची सर्वांत कच्ची बाजू आहे. आदेश कसे निघतात हे ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे दिसले. लाचखोरीच्या एका प्रकरणात फोन ऐकण्याचे आदेश दिले गेले होते. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एकही कारण नसल्यामुळे न्यायालयाने ते रद्द केले व मिळवलेले ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितले.

सरकारने नागरिकाविषयी काहीच जाणू नये, असे कोणी म्हणत नाही. रेशन द्यायचे, लस टोचायची, गुन्हेगार पकडायचा, तर माहिती लागणारच. 2017 च्या निकालानेही हक्क निरंकुश मानलेला नाही. हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, एवढेच त्याचे मागणे आहे. या कसोटीवर 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तपासला तर मन अस्वस्थ होते. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेने या कायद्यातून संपूर्ण सूट देऊ शकते. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे आठवे कलम बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे पाहावे लागे. आता 'वैयक्तिक' एवढा शेरा पुरेसा होऊ शकतो. व्यापक जनहिताचा अपवाद त्याच कलमात अन्यत्र शिल्लक आहे, हे खरे. तरीही दौलतीचा हिशेब विचारणाऱ्याला 'ही खासगी आहे' असे उत्तर मिळण्याची वाट रुंद झाली आहे. शब्द फिरून पुन्हा राज्यकर्त्यांच्या घरी निघाला आहे की काय, अशी शंका येते.

शाळेच्या व्यासपीठावर हा विषय परका नाही. शाळेच्या दप्तरात मुलाची जन्मतारीख, जात, धर्म, पालकांचे उत्पन्न, आजारपण, गुण असे सारे असते. पूर्वी ते जनरल रजिस्टरमध्ये, कपाटात, हेडक्लार्कच्या किल्लीखाली असे. आता ते संगणकावर चढते आणि तिथून पुढे जाते. 'अपार' या विद्यार्थी क्रमांकासाठी मुलाचा आधार क्रमांक जोडला जातो व पालकांकडून संमतीपत्र भरून घेतले जाते. ज्या कागदाला संमतीपत्र म्हणतात त्यावर नकाराचीही मुभा असते. हे कार्यालयातल्या रांगेत विसरले जाते. आधारविषयीच्या सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येत नाही आणि मुलाच्या नोंदणीला पालकांची संमती हवी. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट दिली, जी 2019 मध्ये कायद्यातही आली. ज्या मुलाची नोंदणी लहानपणी आईवडिलांनी केली, त्याला सज्ञान झाल्यावर आपला आधार क्रमांक रद्द करून मागता येतो.

त्यासाठी मुदत आहे अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांची. बारावीची परीक्षा, प्रवेशाचे अर्ज आणि वसतिगृहाची शोधाशोध यांतच बहुतेक मुलांचे ते महिने निघून जातात.