हंसाबेन मेहता



मुलींनी शिकावे की नाही, हा वाद आपल्याकडे मिटला. पण मुलींनी काय शिकावे, हा वाद त्यानंतरही पुष्कळ वर्षे रेंगाळला, आणि तो पुरता मिटला आहे असे मला वाटत नाही. ज्या बाईंविषयी मी आज बोलणार आहे, त्या हंसाबेन मेहता या वादाच्या दोन्ही पक्षांकडे कर्त्या म्हणून वावरल्या.

त्यांचा जन्म १८९७ सालचा. आजोबा नंदशंकर मेहता हे गुजरातीतील पहिल्या कादंबरीचे, ‘करण घेलो’चे लेखक. वडील मनुभाई पुढे बडोद्याचे दिवाण झाले. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, असे ते संस्थान. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलीला शाळेत न पाठविणाऱ्या बापाला तिथे दंड होई! त्या हवेत वाढलेली ही मुलगी बडोदा कॉलेजातून १९१८ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाली आणि पुढच्याच वर्षी वृत्तपत्रविद्या शिकायला विलायतेस गेली. तिथे सरोजिनी नायडूंची गाठ पडली, आणि सार्वजनिक कामाचे दार उघडले.

१९२४ मध्ये त्यांनी डॉ. जीवराज मेहतांशी विवाह केला. आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डीन आणि मागाहून गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले हेच ते जीवराजभाई. आडनाव एकच असले तरी ज्ञाती एक नव्हती. नागर ब्राह्मणाची मुलगी वैश्याच्या घरी जाते म्हणून केवढा गहजब झाला! सयाजीराव महाराज पाठीशी उभे राहिले, म्हणून निभावले. १९३० च्या चळवळीत विलायती कापडाच्या दुकानांवर निरोधन आणि त्यापायी तुरुंग, हेही त्यांच्या वाट्याला आले. तो भाग आपल्याला परिचित आहे. मी पुढे जातो.

१९४६ साली त्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. म्हणजे आपल्या अण्णासाहेब कर्व्यांच्या विद्यापीठाच्या. १९१६ साली अण्णांनी ते स्थापिले, तेव्हा जपानमधील महिला विद्यापीठाचा नमुना त्यांच्यापुढे होता. सर्वसामान्य स्त्रीचे कार्यक्षेत्र निराळे, म्हणून तिचा अभ्यासक्रम निराळा; शिक्षण मातृभाषेतून आणि त्यात गृहशास्त्र व आरोग्य हे विषय, अशी ती योजना. त्या काळी ज्या मुलींना इंग्रजी विद्यापीठाची पायरी चढणे अशक्यच होते, त्यांना तिने वाट करून दिली. अण्णांचे हे ऋण मान्य करूनच मला पुढचे बोलायचे आहे.

कारण हंसाबेनची स्वतःची धारणा या निराळेपणाच्या विरुद्ध होती. त्याच १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत त्यांनी बजावले, की स्त्रियांनी राखीव जागा वा स्वतंत्र मतदारसंघ कधी मागितले नाहीत. त्यांनी मागितला तो न्याय, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर असताना जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. बाई अडून बसल्या. १९४८ मध्ये जाहीरनामा संमत झाला तेव्हा पहिल्याच कलमात ‘सर्व मानव’ आले. एका शब्दासाठी कशाला एवढा अट्टहास, असे विचारणारे तेव्हाही असतील. मला मात्र तो शब्द त्यांच्या साऱ्या चरित्राची किल्ली वाटतो.

१९४९ साली बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले. हंसाबेन त्याच्या कुलगुरू झाल्या. मुलगे-मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणाऱ्या त्या भारतातील पहिल्या स्त्री. १९५८ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि तिथे चित्रकला शिकवायला नारायण श्रीधर बेंद्रे आले. चित्रकारांची एक पिढीच बडोद्याने घडविली. त्याच कारकीर्दीत गृहविज्ञानाचीही विद्याशाखा निघाली. आता कोणी म्हणेल, ही विसंगती नव्हे काय? मला नाही वाटत. अन्नाचे पोषणमूल्य, बालकाची वाढ, कापडाचे गुणधर्म ही शास्त्रे आहेत. ज्याला हवी त्याने शिकावी. मुलगी म्हणून ती माथी मारली, की मात्र विसंगती सुरू होते.

हेच त्यांनी पुढे लेखी मांडले. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत काय, हे ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. शिक्षण ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे असावे, आणि कुवत व आवड काही लिंगावर ठरत नाही, असा समितीचा निर्वाळा. स्त्रीपुरुषांच्या स्वभावातला म्हणून जो भेद दाखवितात, तो बराचसा समाजानेच घडविलेला असतो, असेही तिने सांगितले. समिती व्यवहार सोडून बोलली नाही. तूर्त काही फरक राहतील, पण ते कायम होतील असे काही करू नये, एवढी सावधगिरी तिने घातली. पुढे कोठारी आयोगाने तिच्या शिफारशी उचलून धरल्या: गृहविज्ञान ऐच्छिक ठेवा, गणित आणि विज्ञान घेण्यास मुलींना उत्तेजन द्या.

आपल्यापैकी कित्येकांच्या शाळेत मात्र त्यानंतरही शिवणाचा तास मुलींचा आणि सुतारकामाचा मुलग्यांचाच राहिला. माझ्या शाळेत तरी तसेच होते, आणि तुटलेले बटण लावून घ्यायला मी अजून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

१९९५ च्या एप्रिलात, वयाच्या ९७ व्या वर्षी हंसाबेन गेल्या. कुलगुरुपदाच्या आगेमागे त्यांनी शेक्सपिअरची नाटके गुजरातीत आणली, वाल्मीकी रामायणातील कांडे संस्कृतातून उतरविली, मुलांसाठी पुस्तके लिहिली. बडोद्याच्या विद्यापीठाचे ग्रंथालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.