बिंदूंचा मेघ आणि आरेखकाची रेषा

जुन्या वास्तूची दुरुस्ती हाती घ्यावयाची, तर प्रथम तिचे माप घ्यावे लागते. फीत आणि ओळंबा या साधनांनी हे काम शतकानुशतके चालत आले. परंतु घुमटाच्या पोटापर्यंत किंवा उंच कमानीच्या माथ्यापर्यंत फीत सहसा पोहोचत नाही. मग उरलेली जागा आरेखक अनुमानाने भरून काढतो. समोरासमोरच्या भिंती समान आहेत, कोपरे काटकोनात आहेत, असे तो गृहीत धरतो. कागदावर वास्तू नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षात ती तशी असतेच असे नाही.

ही उणीव लेसर स्कॅनरने पुष्कळ अंशी भरून काढली आहे. तिपाईवर ठेवलेले हे यंत्र स्वतःभोवती फिरत चहूकडे प्रकाशकिरण सोडते. पंधरा मीटरांवरील भिंतीला भिडून परत येण्यास किरणाला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो. काही यंत्रे हा काळ मोजतात. काही परतलेल्या प्रकाशलहरींतील फरकावरून अंतर काढतात. अंतर आणि किरणाची दिशा यांवरून प्रत्येक बिंदूचे अवकाशातील स्थान तीन अंकांनी निश्चित होते. अशा कोट्यवधी बिंदूंच्या समूहाला ‘पॉइंट क्लाउड’, म्हणजे बिंदूंचा मेघ, असे नाव आहे. खांबाआडचे यंत्राला दिसत नाही. म्हणून ते जागोजागी हलवावे लागते आणि समाईक खुणांच्या आधारे सर्व मेघ एकत्र जोडावे लागतात.

हा मेघ संगणकावरील आरेखनप्रणालीत आणला, म्हणजे नकाशा तयार झाला, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तेथे एकही रेषा नसते. भिंत कोणती आणि तिला टेकवलेली शिडी कोणती, हे बिंदूला ठाऊक नसते. आरेखक मेघाचा एक पातळ आडवा काप घेतो आणि त्यावरून तळनकाशा काढतो. उभ्या कापावरून छेद काढतो. खरी कसोटी येथेच लागते. प्रणालीला सरळ रेषा आणि काटकोन प्रिय असतात. एका कळीने वाकडी भिंत सरळ करता येते. पण भिंतीला आलेला चार सेंटिमीटरांचा फुगवटा हा कदाचित वरील भाराचा इशारा असेल. तो पुसला, तर एवढे मोजून काय साधले?

उलट, प्रत्येक बिंदूच्या मागे धावणेही व्यर्थच. एकास पन्नास या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे कागदावर ०.२ मिलिमीटर, जवळजवळ रेषेची जाडीच. गिलाव्याचा खडबडीतपणा तेथे सोडून द्यावा. फुगवटा मात्र ०.८ मिलिमीटर भरतो, तो दाखवलाच पाहिजे.

पॅरिसच्या नोत्र दाम या प्रार्थनामंदिराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० साली तेथे पन्नासाहून अधिक ठिकाणी यंत्र मांडून शंभर कोटींहून अधिक बिंदू टिपले. पश्चिमेकडील स्तंभ एका ओळीत नाहीत, हे त्यांतून दिसून आले. आधीचे बांधकाम न पाडता त्याच्याशी जुळवून घेत पुढचे काम झाले असावे, असे अनुमान त्यांनी केले. कोणी ते स्तंभ सवयीने एका रेषेत मांडले असते, तर वास्तूच्या इतिहासाची ही खूण नकाशातून नाहीशी झाली असती.

१५ एप्रिल २०१९ रोजी आगीत मंदिराचे छप्पर, त्याखालचा ओक लाकडाचा प्राचीन सांगाडा आणि शिखर नष्ट झाले. टॅलन त्यापूर्वी पाच महिने निवर्तले होते. त्यांचे बिंदू मात्र पुनर्बांधणीच्या कामी आले. तथापि बिंदू केवळ पृष्ठभाग सांगतात. लाकडाच्या आतील सांधा सांगत नाहीत. रेमी फ्रोमाँ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली त्या सांगाड्याचे बारकाईने सर्वेक्षण करून आराखडे केले होते. नवा सांगाडा उभारताना त्यांचाही मोठा आधार मिळाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उघडले.

म्हणून मूळ मेघ नकाशाबरोबरच जपून ठेवणे अगत्याचे आहे. आणि मोजलेली रेषा अखंड व अनुमानाची रेषा तुटक काढण्याची जुनी शिस्त या नव्या साधनाबरोबरही सोडता कामा नये. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या कारागिराला आपण कोणत्या रेषेवर भार टाकू शकतो, हे त्यावरूनच कळणार आहे.