विद्यार्थ्यांचा जलसा

शाळेंतील गायनाच्या जलशास आपण जातों तें बहुधा आपल्या मुलाचें गाणें ऐकावयास. तें आटोपतांच मंडळी उठूं लागतात, आणि शेवटच्या मुलांच्या वांट्यास रिकाम्या खुर्च्या येतात.

एके काळीं गायनविद्या घराण्यांच्या उंबरठ्याआड होती. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, पं. भातखंडे यांनीं उस्तादांपासून मिळविलेल्या चिजा 'क्रमिक पुस्तक मालिकें'त स्वरलिपीसह छापल्या. तेव्हां कोठें ती विद्या सामान्य घरांतील मुलांपर्यंत पोहोंचूं लागली.

वृंदगानांत मुलाला प्रथम शेजाऱ्याचा आवाज ऐकावा लागतो. तंबोऱ्याशीं स्वर मिळवून सर्वांसह समेवर यावें लागतें. हाच धडा आपण समोर बसून मोडतों.

आणखी एक गोष्ट. तेराचौदा वर्षांच्या सुमारास मुलग्यांचें स्वरयंत्र झपाट्यानें वाढतें व आवाज फुटतो. कालपर्यंत सहज लागणारा तार षड्ज आज चिरकतो. हा रियाजाचा दोष नव्हे, वयाचा धर्म होय. अशा वेळीं सभेंत हंशा पिकला, तर तो मुलगा पुन्हां तंबोऱ्याजवळ बसेल याचा भरवसा नाहीं. आवाज कांहीं काळानें स्थिरावतो; खचलेलें मन तितक्या सहज सांवरत नाहीं.

म्हणून पुढील जलशास जाल तेव्हां भैरवी होईपर्यंत बसा. दुसऱ्याच्या मुलाचें गाणेंही आपल्या मुलाइतक्याच आस्थेनें ऐका. या मुलांतून गवई थोडेच निपजतील. जाणते श्रोते मात्र पुष्कळ निपजूं शकतील.