पक्षी, पिक्सेल आणि पायातला दोरा

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. पडद्यावर दाखवलेली छायाचित्रे जागेअभावी येथे दिलेली नाहीत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, "तुझं ते पक्ष्यांचं." आपल्या ग्रुपवर मी फोटो टाकला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, कॅमेरा कोणता? त्याचं उत्तर चहाच्या वेळी देईन, आणि किंमत ऐकायची असेल तर आधी बसून घ्या. दुसरा प्रश्न, "हा खरा आहे की एडिट केलेला?" हा प्रश्न मला फार आवडतो. गेली वीस-एक वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे या प्रश्नाशी माझं घरचं नातं आहे. आज त्यावरच बोलते.

पडद्यावर दिसतंय ते भिगवण. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. भीमेवर उजनी धरण झालं, त्याचं मागे पसरलेलं हे पाणी. पाणी ओसरायला लागलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यात पक्ष्यांचं अन्न असतं. रोहित येतात, म्हणजे फ्लेमिंगो. हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. चित्रबलाक, शेकाटे, नदीसुरय, चक्रवाक. ज्या वर्षी धरण काठोकाठ भरतं त्या वर्षी चिखल उशिरा उघडतो आणि रोहित पक्ष्यांची वाट बघावी लागते. गावातले लोक ज्या होडीतून मासे धरतात त्याच होडीतून पहाटे आपल्याला पक्षी दाखवतात. होडीत उभं राहायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आपल्यापैकी काहींना हे शाळेतही जमलं नव्हतं.

आता तो खरेपणाचा प्रश्न. कॅमेऱ्यातल्या सेन्सरला रंग कळतच नाहीत, फक्त प्रकाश किती पडला तेवढं कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी, अशी एकच काच बसवलेली असते. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर बारा दशलक्ष पिक्सेल फक्त हिरवा मोजतात, सहा लाल, सहा निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून गणिताने भरले जातात. म्हणजे कोणीही हात न लावलेल्या फोटोतसुद्धा दोन तृतीयांश रंग अंदाजाने आलेला असतो! "जसा होता तसा फोटो" असं काही नसतंच. प्रश्न एवढाच की अंदाज कोणी केला आणि कशाच्या आधारावर.

म्हणून मी रॉ फाइल ठेवते. त्यात प्रत्येक पिक्सेलला १४ बिट, म्हणजे १६,३८४ पायऱ्या मिळतात. जेपेगमध्ये त्याच्या २५६ होतात. हा बगळा बघा, गडद पाण्यावर उभा आहे. कॅमेरा एकूण अंधार बघून उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं पांढरीफेक होतात, एकसारखी, सपाट. मोजणी वरच्या टोकाला जाऊन थांबली की तिथली माहिती संपली. मग कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, पिसं परत येत नाहीत. फार तर ते नवी रचून देईल. त्यामुळे पांढऱ्या पक्ष्याचा फोटो जरा अंधारा काढायचा आणि घरी उजळायचा, हे माझं पहिलं एडिटिंग.

बाकी मी काय करते? कडा कापते, क्षितिज सरळ करते, पहाटेच्या निळसर उजेडाचा तोल सांभाळते, सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसते. बस. रंगाची पट्टी फार सरकवत नाही, आणि हा बाणेदारपणा नाही, त्याला कारण आहे. रोहितचा गुलाबी त्याच्या खाण्यातून येतो, पिल्लं करडी असतात. मोठ्या रोहितचं अंग बरंचसं पांढरं आणि पंखात लाली, छोटा रोहित अंगानेच गडद गुलाबी. पट्टी ओढली की मोठा रोहित दुसऱ्याच जातीसारखा दिसायला लागतो, पिल्लू प्रौढ होतं. आज ईबर्डसारख्या ठिकाणी हजारो हौशी लोक नोंदी करतात आणि फोटो पुरावा म्हणून जोडतात. तिथे माझी सरकवलेली पट्टी म्हणजे खोटी साक्ष.

फोटोतले दाणे काढणाऱ्या नव्या एआय साधनांबद्दल तुम्ही विचारणार, कारण आपल्या बॅचमध्ये निम्मे त्याच धंद्यात आहेत. मी ती वापरते, पण हात राखून. ठिपकेवाली तुतारी आणि हिरवी तुतारी हे दोन पक्षी लांबून सारखेच. पहिलीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, दुसरीची डोळ्यापुढेच संपते. लांबून काढलेल्या फोटोत ही भुवई चार-पाच पिक्सेलांची. साधनाने हजारो पक्षी पाहिलेले असतात, ते "इथे भुवई असायला हवी" म्हणून ती बेधडक काढून देतं. दिसायला सुरेख. पण ती त्या पक्ष्याची भुवई नव्हे.

आता हा फोटो. शेकाट्या. लांब लाल पाय, काळे पंख, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, मागे धुकं. मला मिळालेल्या चांगल्या फोटोंपैकी एक. उजव्या पायाकडे बघा. घोट्याजवळ नायलॉनचा दोरा गुंडाळलाय आणि मागे वीतभर लोंबतोय. फुटलेल्या जाळ्याचा तुकडा.

एका संस्थेने कॅलेंडरसाठी हा फोटो मागितला. मानधन बरं होतं. अट एकच, दोरा काढून द्या. "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांचंसुद्धा नाही, चाळीस सेकंदांचं. मी नाही म्हटलं. पक्ष्याच्या पायातला दोरा मला काढता आला नव्हता, तो आमची होडी जवळ येताच उडाला. फोटोतला काढला असता तर त्याच्यापुरतं काय बदललं असतं? त्यांनी दुसऱ्याचा धनेश घेतला. छान आहे, ते कॅलेंडर आमच्या ऑफिसात लागलंय.

खरी पंचाईत पुढे झाली. मी फोटो आमच्या नावाडीदादांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ताई, हा कुठं लावू नका. लोक म्हणतील कोळ्यांनी पक्षी मारले. उद्या होड्या बंद करतील." कॅलेंडरवाल्यांना नाही म्हणणं सोपं होतं. यांना काय सांगायचं? आपण रविवारी येतो, फोटो काढतो, सोमवारी एसीत बसतो. ते तिथेच राहतात, आणि जाळ्याशिवाय त्यांचं घर चालत नाही.

मी फोटो तसाच ठेवून दिला. वर्षभर कुठेही दाखवला नाही. पुढच्या हिवाळ्यात गेले तर होडीत पायाशी फाटक्या जाळ्यांची एक गोणी. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "पाण्यात टाकत नाही आता. काठावर आणतो. पोरगं म्हणालं, तुमचा तो पक्षी त्याच्या डोळ्यांपुढून जाईना." मग मी पुन्हा विचारलं, दाखवू का? ते म्हणाले, "दाखवा. पण हेही सांगा की जाळं टाकणारा आणि पक्षी दाखवणारा माणूस एकच आहे." ते आज इथे सांगितलं. फोटो पहिल्यांदाच तुमच्यासमोर दाखवतेय.

तो शेकाट्या मला पुन्हा दिसला नाही.

एक विनंती, विशेषतः ज्यांनी नुकतेच मोठे लेन्स घेतलेत त्यांना. घरट्यांचे फोटो नकोत. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते आणि उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून ती गार ठेवते. आपण वीस मिनिटं तिला उठवून ठेवलं तर ऊन काय करेल ते सांगायला नको, आणि वर कावळे टपलेले असतात. अनेक छायाचित्र स्पर्धा आता घरट्यांचे फोटो घेतच नाहीत. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही नको. तो बिचारा हद्दीत दुसरा नर घुसला समजून भांडायला येतो.

जानेवारीत एका रविवारी भिगवणला जायचं ठरवतेय. पुण्यातून पहाटे चारला निघायचं, कुरकुर चालणार नाही. अंगावर मातकट रंगाचे कपडे, लाल-पिवळं काही नको. कॅमेरा नसला तरी चालेल, दुर्बीण माझ्याकडे दोन आहेत. होडी काठाला लागली की गावातच भाकरी आणि मासळीचं जेवण मिळतं, शाकाहारी मंडळींसाठी पिठलं. सर, बाई, तुम्हा सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. होडीत चढता-उतरताना हात धरायला आम्ही आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या टेबलावर ठेवलेल्या वहीत नाव लिहा. एका होडीत सहा जण.