टाळूची खाज: ० ते ३ पैकी किती?

आज केस गळण्याबद्दल बोलूया, पण कोंड्यामुळे गळतात त्याबद्दल नाही. लायकेन प्लॅनोपायलॅरिस नावाच्या आजारात आपली प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उठते. मूळ नष्ट झालं की तिथे व्रण होतो आणि त्या जागी केस परत येत नाहीत. त्यामुळे उपचार असतात ते उरलेले केस वाचवायला.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. असा पेशंट आला की आधी तीन गोष्टी विचारते: खाज किती? दुखतं किती? आग किती होते? प्रत्येकाला ० ते ३ गुण. बरेच जण म्हणतात, "खाज काय हो, चालायचंच!" पण आजार आत धुमसतोय, हे बऱ्याचदा तीच खाज सांगते. मग मी टाळूची लाली आणि केसांच्या बुडाशी जमलेले पापुद्रे बघते, केस हलकेच ओढून पाहते, चट्टा पसरलाय का तेही बघते. सगळं मिळून १० पैकी गुण निघतात.

काही महिन्यांनी पुन्हा मोजायचं. आकडा उतरला, तर औषध लागू पडतंय. तसाच राहिला, तर औषध बदलण्याचा विचार करायचा.

पण खाज थांबली म्हणून मनानेच औषध बंद करू नका. खाज नसतानाही चट्टा पसरू शकतो. आठवड्यातून एकदा हे तीन आकडे मोबाइलमध्ये लिहा, महिन्याला एक फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!